दोन चादरींची थंडी

सोलापुरात थंडी पडत नाही, पडल्यासारखं करते. डिसेंबरात आठ-दहा दिवस माणसं कानटोपी घालून फिरतात, भेटेल त्याला 'लई गारठा हाय' म्हणून सांगतात आणि अकरा वाजता घामाघूम होऊन टोपी खिशात कोंबतात. अशा गावात वर्षाला लाखोंनी चादरी विणल्या जातात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. वाटलं ते कुंडलिकअण्णांना, आणि तेही बावीस वर्षं नोकरी झाल्यावर.

मी चनबसप्पांच्या चादरीच्या कारखान्यात कारकून होतो आणि कुंडलिकअण्णा तिथले नक्षीकार. मूळचे माढ्याचे. अंगाने किरकोळ, डोळ्यावर जाड चष्मा, बोटांना कायम लाल शाई. चादरीवरचा मोर म्हणा, कमळ म्हणा, आधी चौकोनांच्या कागदावर काढावा लागतो. एकेक चौकोन रंगवायचा. त्याला आम्ही ग्राफ म्हणायचो. ग्राफ बघून धर्मपाल नावाचा आमचा पंचवाला पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायचा, ती कार्डं दोऱ्याने ओवून मागावर चढायची आणि भोकं सांगतील तसे धागे वरखाली व्हायचे. ग्राफात एक चौकोन चुकला तर हजार चादरींवरचे मोर लंगडे व्हायचे.

अण्णांच्या टेबलावर एक जुनं लोखंडी वजन होतं. कच्चे कागद टेबलभर पसरलेले असायचे, पण वजनाखाली असेल तो कागद पक्का. धर्मपालने तेवढाच उचलायचा. एकदा त्याने वजनाखालचा ग्राफ हातात घेऊन मोराला एकच पाय का, असं विचारलं होतं. दुसरा पाय पिसाऱ्याआड आहे एवढं सांगितलं असतं तर भागलं असतं. पण अण्णा उखडले. "कागद वजनाखाली गेला की इचारायचं न्हाय. मोर माझा हाय, पाय बी माझंच," असं त्यांनी सगळ्या खात्यासमोर सुनावलं. धर्मपाल शब्दाचा पक्का माणूस. त्याने त्या दिवसापासून विचारणं सोडलं.

पंचाहत्तर सालच्या डिसेंबरात एक पोस्टकार्ड आलं. आमच्या प्रत्येक चादरीच्या कोपऱ्याला कारखान्याचा पत्ता छापलेली चिठ्ठी शिवलेली असे. तो पत्ता वाचून पत्र लिहिणारा माणूस आजवर निघाला नव्हता. हा निघाला. कुलूच्याही वर, बर्फाच्या अंगाला राहणारा अंगरूप नावाचा गृहस्थ. लोकांना डोंगरातून फिरवून आणायचा त्याचा धंदा होता. त्याने हिंदीत चार ओळी लिहिल्या होत्या. जत्रेत तुमची चादर घेतली, मोर फार सुंदर आहे, पण एका चादरीने थंडी जात नाही, दोन लागतात, हे कळवावंसं वाटलं.

मालक हसले आणि पत्र माझ्याकडे टाकलं. मी ते तारेला टोचणार, तेवढ्यात अण्णांनी मागून घेतलं. दोनदा वाचलं. मग जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसले. "जोतीराम, म्या बावीस वरीस पांघरुणं काडली. पर थंडी कसली असती ते मला ठावंच न्हाय की रं," म्हणाले. मी म्हटलं, अण्णा, बांगड्या भरणारा कासार स्वतः कुठे बांगड्या घालतो? त्यांना ते पटलं नाही. हिंदी लिहिता येणारा कारखान्यात मी एकटाच, त्यामुळे त्या दिवसापासून मी त्यांचा परराष्ट्रमंत्री झालो.

पहिलं पत्र साधं होतं. थंडी किती असते? अंगरूपचं उत्तर त्याहून साधं. येऊन बघा. वाटल्यास चांगला रस्ता आहे, एका गावातून निघायचं, दोन खिंडी ओलांडायच्या, दहा दिवसांनी त्याच गावात परत. मोठी खिंड चौदा हजार फुटांवर. जूनच्या मध्यावर बर्फ चालण्याजोगं असतं. तंबू, खेचर, स्वयंपाक सगळं तो बघणार.

दुसऱ्या पत्रात अण्णांनी एकसष्ट प्रश्न विचारले. क्रमांक घालून. मी रविवारचा अख्खा दिवस बसून ते हिंदीत उतरवले. रोज किती मैल, किती चढ, पाणी कुठे, सावली कुठे, चौतिसावा प्रश्न खिंडीत वारा कुठल्या बाजूने येतो. अंगरूप शहाणा माणूस होता. त्याने साठ प्रश्नांची उत्तरं पान भरून, नीट दिली आणि चौतिसाव्यापुढे लिहिलं, समोरून. अण्णांना हे उत्तर फार आवडलं. माणूस खरा बोलतो, असं त्यांनी मला चारदा सांगितलं.

मग बेत सुरू झाला. बेत म्हणजे काय, दीड वर्ष आम्ही दुसरं काही बोललो नाही. अण्णांच्या मते तीन माणसं हवीत. एक ते. दुसरा मी, कारण वाटेत हिंदी लागेल. तिसरा धर्मपाल, कारण अंगरूपच्या पत्रात तिसऱ्या मुक्कामाला बुद्धाचं जुनं देऊळ आहे असं होतं, आणि ते ऐकल्यावर कधी काही न मागणारा धर्मपाल म्हणाला होता, "मी येतो." मी मात्र कधीच हो म्हटलं नव्हतं. अण्णांनी ते गृहीत धरलं होतं.

सराव करायला सोलापुरात डोंगर नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात, आम्हाला दुरूनही दिसत नाही. म्हणून अण्णा कारखान्याचा जिना चढू लागले. तेवीस पायऱ्या. पाठीला सुताच्या कांड्यांनी भरलेली गोणी, खाली-वर, खाली-वर. तेलगू विणकर माग थांबवून बघायचे आणि आपसात काहीतरी बोलून हसायचे. थंडीचा सरावही झाला. ओळखीच्या बर्फाच्या कारखान्यात, जिथे लाद्या रचून ठेवतात त्या खोलीत, अण्णा ऐन मे महिन्यात चादर पांघरून पाऊण तास बसले. बाहेर आले ते बेचाळीस अंशांच्या उन्हात. पुढचे पाच दिवस ते शिंकत होते आणि रंभावहिनी, त्यांची बायको, माझ्या नावाने बोटं मोडत त्यांना काढा पाजत होत्या. एवढं करून अण्णांचं मत काय, तर ती थंडी नव्हे, ती ओल. नवी पेठेत लोकरीचे मोजे मागायला गेलो तेव्हा दुकानदाराने आमच्याकडे बघून विचारलं, घरात कुणी आजारी आहे का?

रंभावहिनींचा मूळ प्रश्न वेगळाच होता. जिथून निघायचं तिथेच परत यायचं तर जायचं कशाला? अण्णा म्हणाले, देवाला प्रदक्षिणा घालतो तेव्हाही तिथेच येतो की. हे सांगायला नको होतं. वहिनींनी लगेच विचारलं, मग कुठल्या बाजूनं? आता अंगरूपने स्पष्ट लिहिलं होतं की डोंगर डाव्या हाताला ठेवून जायचं, त्या अंगाने चढ सावकाश आहे. दुसरीकडून भिंतच आहे. वहिनी म्हणाल्या, "उलटी परदक्षिणा मेल्यावर घालत्यात. जित्या माणसानं न्हाय." अण्णांनी तोही प्रश्न अंगरूपला लिहायला लावला. त्याने कळवलं, देवळाला आम्हीही उजवीकडूनच फिरतो, पण डोंगराला दम बघून फिरावं लागतं. अण्णांनी ही ओळ वहिनींना वाचून दाखवली नाही. त्यांनी ग्राफ खिडकीच्या काचेवर उलटा धरला आणि मागून दिसणारा रस्ता दाखवून म्हणाले, हे बघ, सुलटी. सगळ्या संसारात बायकोशी त्यांनी केलेली ही एकमेव लबाडी असावी.

हो, ग्राफ. अण्णांना साधा नकाशा काढता येईना. त्यांना एकच कागद ठाऊक. आडव्या चौकोनाला एक फर्लांग, उभ्याला दोनशे फूट, असं धरून त्यांनी दहा दिवसांचा चढउतार मांडला. खडक लाल, बर्फ पांढरं, मुक्काम तिथे छोटी शंकरपाळी, पाणी तिथे तीन तिरप्या रेघा. दोन खिंडी म्हणजे दोन उंच शिखरं, मधे खोल दरी. अक्षर एकही नाही, सगळा तपशील वेगळ्या वहीत. आणि सवयीने चौकोनांची बेरीजही चादरीच्या पन्ह्यात, म्हणजे रुंदीत, बसेल अशीच केलेली. मी थट्टेत म्हटलं, अण्णा, मागावर चढवायचा का? ते म्हणाले, "गप ए. ही माझी घरची गोष्ट हाय."

सत्याहत्तरचा मे उजाडला. रजा मंजूर, दौंडला गाडी बदलून दिल्लीपर्यंतची तिकिटं हातात, अंगरूपचं शेवटचं पत्र आलेलं. निघायला तीन आठवडे. अण्णांच्या पुतण्याचं लग्न माढ्याला होतं, त्यासाठी ते आठ दिवस गेले. जायच्या दिवशी दुपारी गरम वारं सुटलं होतं, टेबलावरचे कागद उडत होते. अण्णांनी बाकीचे कागद कपाटात कोंडले. बेताचा ग्राफ शेवटचा बघायचा राहिला होता, तो तसाच टेबलावर ठेवला. आणि उडू नये म्हणून त्यावर वजन ठेवलं.

पुढचं सांगायला नकोच. धर्मपालने कागद उचलला, कार्डं पाडली, ओवली, मागावर चढवली. अण्णा लग्नाचे लाडू घेऊन परत आले तेव्हा खात्यात साठ चादरी पडलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर हिमालयातले दहा दिवस होते. अण्णा गोणीवर बसले. मी धर्मपालला विचारलं, अरे, तुला ओळखू आला नाही का? त्या रस्त्याने तू स्वतः जाणार होतास. तो शांतपणे म्हणाला, "वळकला की. पर वजनाखाली हुता."

नियम अण्णांचाच होता.

चनबसप्पा चिडले होतेच. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आम्ही घरी-दारी म्हणतो, पण साठ मारुती झाल्यावर मालक हसत नाही. त्यांनी तो गठ्ठा नवी पेठेतल्या आमच्या दुकानात निकाली काढायला धाडला. नेमका त्याच दिवशी दिल्लीकडचा एक घाऊक व्यापारी दुकानात मोर बघून जांभया देत बसला होता. त्याने डोंगर बघितला, चादर उलटी करून बघितली. दुसऱ्या बाजूने तोच रस्ता उलट रंगात, उलट दिशेने. रंभावहिनींचा आणि अंगरूपचा दोघांचाही मान राखला गेला होता. व्यापाऱ्याने तीन मापांत, चार रंगांत मागणी नोंदवली. माल दसऱ्याच्या आत.

प्रत्येक मापाला नवा ग्राफ लागतो आणि तो अण्णांशिवाय कुणाला येत नाही. मालकांनी त्यांना कॅबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. मी कागदावर सही घ्यायच्या निमित्ताने दारातच उभा होतो. "कुंडलिकराव," मालक म्हणाले, "मोर मोर करत बसलात की हो इतकी वर्षं. हे आधी का नाही काढलात? डोंगर काय पळून जातोय? गिऱ्हाईक पळतंय." मला वाटलं अण्णा आता उठतील. ते उठले नाहीत. खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत राहिले आणि मग मान हलवली.

मला राग आला. मालकाचा आला, त्याहून अण्णांचा. बाहेर आल्यावर मी त्यांना सरळ विचारलं, दीड वर्ष कुणासाठी झिजलो आपण? नाही म्हणता येत नव्हतं? ते चष्मा पुसत राहिले. "जोतीराम, आजवर माझी नक्षी कुणी मागून घेतली न्हवती रं. मोर तर माज्या आदीच्या माणसाचा. ह्यो डोंगर माझा हाय." मग म्हणाले, "तिकिटं हायत. तुमी दोघं जावा. त्या अंगरूपची तकरार तपासून या."

अशा रीतीने ज्याला जायचं होतं तो राहिला आणि ज्याने कधी हो म्हटलं नव्हतं तो निघाला. ग्राफ तयार होईपर्यंत धर्मपालला काम नव्हतं, म्हणून त्याची रजा टिकली. कारकून नसल्याचं कुणाच्या लक्षात येणार नाही असं मालकांचं मत पडलं, म्हणून माझी. अण्णांनी आम्हाला दोघांत मिळून पाच डोंगराच्या चादरी बांधून दिल्या. प्रत्येकी दोन आणि एक अंगरूपला भेट. स्वतःच्या हाताने कारखान्याची घडी घातली. आठ पदरी, चिठ्ठी वरच्या उजव्या कोपऱ्याला, कडा कडेला लागलेली. बजावलं, मोठ्या खिंडीच्या पायथ्याला एक रात्र फक्त एका चादरीत काढायची. दुसरी उघडायची नाही. स्टेशनवर गाडी हलली तरी ते खिडकीशी चालत होते आणि सातव्या दिवशी पाणी डाव्या हाताला आहे, असं सांगत होते.

सातव्या दिवशी पाणी डाव्या हाताला होतं. हे मी कबूल केलं पाहिजे. शंकरपाळी तिथे सपाटी होती. चढ जिथे दोन चौकोन म्हटला होता तिथे दोन चौकोनच जीव जात होता. तिसऱ्या दिवशी धर्मपालने देवळाला उजवीकडून तीन फेऱ्या घातल्या, बाहेर पायरीवर बराच वेळ बसला. मी त्याला हाक मारायला गेलो आणि तसाच मागे फिरलो.

अंगरूप बुटका, हसरा माणूस. बसस्टँडवर आमच्या मागे तो तिसऱ्याला शोधत होता, साठ-सत्तर प्रश्नवाले साहेब कुठे म्हणून. पहिल्या मुक्कामाला आम्ही त्याला चादर दिली. त्याने ती गुडघ्यावर पसरली आणि डावीकडून बोट ठेवत एकेक नाव घेत गेला, गाव, ओढा, देऊळ, खिंड. शेवटाला पोचला आणि विचारलं, हे काढणारा किती वेळा फिरलाय इथे? मी म्हटलं, एकदाही नाही. तो हसला नाही. चादरीची घडी घालून त्याने ती छातीशी धरली.

मोठ्या खिंडीच्या पायथ्याला आम्ही अण्णांची आज्ञा पाळायला घेतली. अंगात स्वेटर, पायात नवी पेठेतले मोजे, वर एक चादर. सूर्य डोंगराआड गेला आणि थंडी आली. समोरून. ती अंगाला लागत नाही, आत शिरून बसते. माझे दात वाजायला लागले, धर्मपाल गुडघे पोटाशी घेऊन थरथरत होता. चादरीवर माझ्या नाकासमोर त्याच खिंडीचं शिखर होतं, लाल-पांढरं, आणि त्याच्या वर ती स्वतः. उजेड पुरता गेलाही नव्हता तेवढ्यात आम्ही दोघांनी एकमेकांकडे न बघता दुसरी चादर उघडली.

परत आलो तेव्हा सोलापुरात पाऊस लांबला होता, नुसता उकाडा. अण्णा टेबलावर वाकून हिरव्या रंगातला डोंगर भरत होते. तीन आठवड्यांत त्यांनी तो रस्ता सात वेळा काढला होता. आम्ही मुक्कामाची, पाण्याची, देवळाची सगळी हकीकत सांगितली. अंगरूपने काय विचारलं ते सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग त्यांनी विचारायचं ते विचारलं. "एका चादरीत भागलं?"

मी त्यांच्या शाईच्या बोटांकडे बघितलं. म्हटलं, भागलं अण्णा. छान झोप लागली. धर्मपाल जमिनीकडे बघत होता.

अण्णांनी माझ्या पिशवीतल्या दोन्ही चादरी बाहेर काढल्या. पहिली बाजूला ठेवली. दुसरी हातावर घेतली, कड बघितली, चिठ्ठी शोधली. चिठ्ठी आतल्या पदरात गेली होती. मग नाकाशी धरली. तिला धुराचा आणि खेचराचा वास होता.

"ही घडी आपली न्हाय," ते म्हणाले.

मला स्वतःची लाज वाटली. खोटं बोललो म्हणून नव्हे, ज्या माणसाला धागा न् धागा कळतो त्याच्याशी बोललो म्हणून. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी ती चादर उलगडून टेबलावर पुन्हा कारखान्याची घडी घातली, आठ पदरी, चिठ्ठी वरच्या उजव्या कोपऱ्याला. हाताने दाबून सपाट केली. हात तिथेच ठेवून विचारलं, "लई हुती?"

"लई होती, अण्णा," मी म्हटलं.

"सांग की कशी."

मी तोंड उघडलं. दहा दिवस त्या थंडीत काढून आलेला मी, कारखान्यात सगळ्यांत जास्त शब्द येणारा मी, मला एक शब्द सापडेना. धर्मपालने प्रयत्न केला. आपलं अंग आपलं राहत नाही, म्हणाला आणि थांबला. मग अण्णांनी मान हलवली आणि मला पोस्टकार्ड काढायला सांगितलं.

त्यांनी सांगितलेलं मी हिंदीत उतरवलं. आपलं दीड वर्षापूर्वीचं पत्र मिळालं. आपल्या तक्रारीची चौकशी केली. तक्रार खरी आहे, दोन चादरी लागतात. पुढल्या जूनमध्ये येतो. माणूस एक, प्रश्न नाहीत.

खाली त्यांनी मोडीवळणाची सही केली. बाहेर मालक हिरव्या डोंगराची चौकशी करत कुणाला तरी हाका मारत होते. वारं आलं, पोस्टकार्ड टेबलावर सरकलं. अण्णांनी सवयीने वजन उचललं, कार्डावर ठेवलं, क्षणभर थांबले. मग वजन पुन्हा बाजूला केलं आणि कार्ड सदऱ्याच्या आतल्या खिशात घातलं.